'द स्कार्लेट लेटर' आणि 'द क्रूसिबल' : हेस्टर नाव सांगत नाही, प्रॉक्टर सही देत नाही, दोघांचा नकार एकच म्हणावा का?

नौपाड्याची वाचक

नमस्कार.

नौपाड्यात आमचा अकरा जणांचा एक वाचक गट आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी आम्ही जमतो, ठरलेल्या पुस्तकावर बोलतो, आणि चहाचे कप विसळून होईपर्यंत बहुतेक वाद मिटलेले असतात. या वेळचा वाद मिटला नाही, म्हणून तो आपल्यापुढे ठेवत आहे.

या खेपेला दोन पुस्तके जोडीने घेतली होती: नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची १८५० सालची कादंबरी 'द स्कार्लेट लेटर' आणि आर्थर मिलर यांचे १९५३ मध्ये ब्रॉडवेवर आलेले नाटक 'द क्रूसिबल'. दोन्हींत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सची प्युरिटन, म्हणजे कठोर ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, वसाहत आहे, दोन्हींत विवाहबाह्य संबंध आहे, आणि दोन्हींत गाव न्यायासनावर बसलेले आहे. ज्यांनी ही पुस्तके वाचली नसतील त्यांच्यासाठी कथाभाग थोडक्यात सांगते.

हेस्टर प्रिन ही बॉस्टनमधील तरुण विवाहिता. नवरा मागाहून येणार होता, तो आला नाही. दरम्यान तिला मुलगी झाली. गाव तिला तीन महिन्यांच्या त्या मुलीसह शिक्षेच्या चौथऱ्यावर तीन तास उभे करते आणि छातीवर लाल कापडाचे 'ए' हे अक्षर कायमचे वागवायला लावते. त्या अक्षराचा अर्थ व्यभिचार हे सर्वांना कळते, पण 'ॲडल्टरी' हा इंग्रजी शब्द सबंध कादंबरीत एकदाही येत नाही. मुलीचा बाप म्हणजे गावाचा लाडका धर्मगुरू आर्थर डिम्सडेल. तोच वरच्या सज्जातून तिला आर्जव करतो, की त्या पुरुषाचे नाव सांग. ती सांगत नाही.

नाटक १६९२ सालच्या सेलममध्ये घडते. जॉन प्रॉक्टर या शेतकऱ्याचे घरच्या मोलकरणीशी, ॲबिगेलशी, संबंध आलेले असतात. बायको एलिझाबेथ तिला घरातून काढते. पुढे ॲबिगेल आणि तिच्याबरोबरच्या मुली गावातल्या एकेका माणसावर चेटकाचा आळ घेऊ लागतात, आणि तो एलिझाबेथवरून शेवटी प्रॉक्टरवर येतो. चेटूक केल्याची कबुली दिली तर प्राण वाचतील, नाही दिली तर फाशी. प्रॉक्टर तोंडी कबुली देतो, कागदावर सहीसुद्धा करतो. पण तो कागद चर्चच्या दारावर लावणार असे कळताच फाडून टाकतो आणि फासावर जातो.

आमच्यातील एका काकांचे म्हणणे असे, की ही एकच गोष्ट शंभर वर्षांच्या अंतराने दोनदा लिहिली गेली आहे: अधिकाऱ्यांना एक नाव हवे आहे, आणि एक ताठ माणूस ते देत नाही. माझे मन हे मान्य करीत नाही. हेस्टरच्या नकाराने दुसरा कोणीतरी वाचतो आणि ती जगते. प्रॉक्टरच्या नकाराने त्याचा स्वतःचा जीव जातो आणि तरी शेवटी तोच जिंकल्यासारखा वाटतो. हॉथॉर्न पापाला खरे मानतात आणि शिक्षेवर संशय घेतात; मिलर यांना पापापेक्षा न्यायासनाचीच चौकशी करायची आहे, असेही मला वाटत राहिले. मात्र हे मला नीट सिद्ध करता आले नाही. गटातील सर्वांत ज्येष्ठ सदस्या, कोपरीहून येणाऱ्या माई, पुस्तक मांडीवर ठेवून सगळा वेळ नुसत्या ऐकत होत्या, त्यामुळे तिकडूनही मदत झाली नाही.

जाणकारांनी मत द्यावे. शिवाय 'क्रूसिबल' या शब्दाला मराठीत काय म्हणावे, हेही सांगावे.

जांभळी नाका

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तो शब्द मूस. आमच्या घरात दोन पिढ्या सोनारकाम झाले. मुशीत जुना दागिना टाकायचा, वर चिमूटभर टाकणखार, आणि फुंकणी चालू ठेवायची. सोने रसरसले, की हीण वर येते आणि कडेला धरते. नाटकाचे नाव त्या अर्थाने चपखल आहे. एवढेच की, आम्ही मुशीत सोने टाकत होतो आणि नंतर ते ग्राहकाला परत करीत होतो. सेलमच्या मुशीतून परत कोण आले, हे वाचणाऱ्यांनी सांगावे.

कोर्ट नाका

मी ठाण्यात सत्तावीस वर्षे फौजदारी वकिली करीत आहे, त्यामुळे ही दोन्ही पुस्तके मी कबुलीजबाबांची पुस्तके म्हणून वाचली. माझे मत ताईंच्या बाजूने आहे, पण कारण थोडे वेगळे आहे.

बॉस्टनच्या अधिकाऱ्यांना हेस्टरकडून जे हवे आहे ते सत्य आहे. मुलीला बाप आहे, त्याला नाव आहे, आणि ते मिळाले असते तर ते खरे निघाले असते. हेस्टरने ते दिले नाही, तेव्हा त्यांनी तिला त्यासाठी आणखी छळले नाही. अक्षर लावले आणि सोडून दिले. सेलमच्या न्यायालयाला जे हवे आहे ते असत्य आहे. प्रॉक्टरने सैतानाशी करार केलेला नाही, हे त्याला ठाऊक आहे, बायकोला ठाऊक आहे, आणि माझ्या वाचनाप्रमाणे चौथ्या अंकापर्यंत न्यायासनावरील डॅनफर्थलाही ते ऐकायचे नाही इतपत ठाऊक आहे. एक नकार सत्य झाकण्यासाठी आहे, दुसरा असत्यावर सही न करण्यासाठी. दोघेही तोंड मिटतात म्हणून दोन्ही कृती एक होत नाहीत.

आता व्यवसायातील एक गोष्ट. आपल्याकडे १८७२ च्या साक्ष कायद्याच्या कलम २४ नुसार धमकी, प्रलोभन किंवा वचन देऊन मिळवलेली कबुली ग्राह्य नव्हती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच तत्त्व कलम २२ मध्ये आहे. संविधानाचा अनुच्छेद २०(३) सांगतो, की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येणार नाही. या चष्म्यातून सेलम पाहिले तर अंगावर काटा येतो, कारण तिथे प्रलोभन हीच पद्धत होती. कबुली देऊन तिच्यावर कायम राहिलेल्या कोणालाही फाशी झाली नाही. फासावर गेले ते नाकारणारे. नाटकात नसलेला एक माणूस इथे आठवतो. सॅम्युअल वॉर्डवेल याने चेटूक केल्याची कबुली दिली, पुढे ती खोटी असल्याचे सांगून मागे घेतली, आणि २२ सप्टेंबर १६९२ रोजी त्याला फाशी झाली. खोटे बोलला तोवर तो जिवंत होता.

पुराव्याचेही तसेच. पीडित मुलीला आरोपीचा आकार दिसला, म्हणजे तो माणूस प्रत्यक्षात घरी झोपलेला असला तरी त्याच्या आकाराने येऊन तिला चिमटे काढले, अशी साक्ष तिथे घेतली जात होती. या साक्षीची उलटतपासणी करायची कशी? जे फक्त साक्षीदाराला दिसते ते नाही म्हणायला दुसरा साक्षीदार आणणार कोठून? मिलर यांनी तिसऱ्या अंकात हे रंगमंचावर मांडले आहे: त्याच मुलींपैकी एक, मेरी वॉरन, खरे सांगायला उभी राहते, आणि बाकीच्या मुली तिचेच शब्द तिच्याच स्वरात परत उच्चारू लागतात. आमच्या पेशातील माणसाला तो प्रसंग वाचताना खुर्चीत स्वस्थ बसवत नाही.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली तुलना शेवटांची आहे. डिम्सडेल सात वर्षांनी, निवडणुकीच्या दिवशीचे प्रवचन संपवून, सबंध गावासमोर हेस्टर आणि तिची मुलगी पर्ल यांना घेऊन चौथऱ्यावर चढतो, छातीवरील वस्त्र दूर करतो आणि प्राण सोडतो. याहून उघड कबुली कोणती असणार? तरीही शेवटच्या प्रकरणात हॉथॉर्न लिहितात, की तिथे हजर असलेल्या काही प्रतिष्ठितांनी त्याच्या छातीवर कोणतीही खूण नव्हती असे सांगितले; त्यांच्या मते त्याने हेस्टरच्या अपराधाशी आपला लांबचाही संबंध असल्याचे सुचवले नव्हते, आपण सगळेच पापी आहोत हे शिकवण्यासाठी त्या साधुपुरुषाने आपल्या मरणाचाच दृष्टान्त केला. म्हणजे खरी कबुली गावाने ऐकली आणि नाकारली. सेलममध्ये खोटी कबुली गावाने मागितली, ती चर्चच्या दारावर टांगण्याची तयारी केली. ही दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत, अशी माझी काकांना विनंती आहे.

ऐरोलीकर

वकीलसाहेबांचा मुद्दा पटला, परंतु दोन पुस्तकांमधील काळाचे अंतर चर्चेत आले नाही, ते यायला हवे. 'शंभर वर्षांच्या अंतराने' हे लेखकांपुरते खरे आहे. कथांमधील अंतर सुमारे पन्नास वर्षांचे आहे, आणि त्या पन्नास वर्षांत ती वसाहत बदलली.

हॉथॉर्न यांची गोष्ट १६४० च्या दशकातील आहे. मधल्या रात्रीच्या प्रसंगात गव्हर्नर विन्थ्रॉप यांचे निधन होते, आणि ते प्रत्यक्षात मार्च १६४९ मध्ये झाले. ही पहिली पिढी होती. आपण ईश्वराशी करार करून नवे राज्य वसवीत आहोत, अशी तिची श्रद्धा होती. व्यभिचाराला तेव्हा कायद्याने देहदंड होता आणि तो केवळ कागदावर नव्हता: १६४४ मध्ये मेरी लेथम आणि जेम्स ब्रिटन या दोघांना बॉस्टनमध्ये त्याच गुन्ह्यासाठी फाशी देण्यात आली. हे लक्षात घेतले तर हेस्टरला अक्षरावर सोडणे ही त्या न्यायाधीशांच्या दृष्टीने दया होती, आणि कादंबरीत तसे सांगितलेही आहे: ती तरुण आहे, नवरा बहुधा समुद्राच्या तळाशी असेल, म्हणून कायद्याची परिसीमा गाठलेली नाही.

१६९२ मधील सेलमची स्थिती निराळी होती. वसाहतीची जुनी सनद १६८४ मध्ये रद्द झालेली होती, उत्तरेकडील सीमेवर लढाई पेटलेली होती, तिथले निर्वासित आसपास येऊन राहिले होते, आणि सेलमच्या वस्तीत जमिनीवरून व धर्मगुरूच्या नेमणुकीवरून तट पडलेले होते. माणसे श्रद्धेने कठोर होती असे म्हणण्यापेक्षा भयाने कठोर झाली होती, असे म्हणावे लागेल. १९ जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी या वृद्धाने आरोपावर उत्तर देण्यासच नकार दिला, म्हणून अंगावर दगड रचून त्याला मारण्यात आले. आणि निदान पाच जण तुरुंगात मेले. नवे गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी ऑक्टोबरमध्ये ते विशेष न्यायालय बंद केले.

मिलर यांनी १९५२ मध्ये सेलमला जाऊन तिथली न्यायालयीन कागदपत्रे वाचली होती, तरीही नाटकासाठी त्यांनी बदल केले आणि ते नाकारलेही नाहीत. खरी ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची होती, नाटकात ती सतरा वर्षांची आहे. खरा प्रॉक्टर साठीचा होता, नाटकात तो तिशीच्या मध्यावर आहे. दोघांमधील संबंध हा नाटककाराने रचलेला भाग आहे. नाटकाचे निमित्त अमेरिकेत १९५० च्या सुमारास, सिनेटर मॅकार्थी यांच्या काळात, चाललेला कम्युनिस्टांचा शोध हे होते, हे सर्वविदित आहे. पुढे १९५६ मध्ये खुद्द मिलर यांना अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीपुढे उभे केले, तेव्हा त्यांनी इतरांची नावे सांगायला नकार दिला. १९५७ मध्ये त्यासाठी त्यांना दोषी ठरवले गेले आणि १९५८ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. प्रॉक्टर म्हणतो, की मी माझे पाप सांगेन, दुसऱ्याचा न्याय मी करणार नाही. हे वाक्य लिहिल्यावर तीन वर्षांनी लेखकाला ते स्वतः वागून दाखवावे लागले.

जाता जाता एक गोष्ट. या दोन पुस्तकांत रक्ताचे नाते आहे. नाटकातील न्यायाधीश हॅथॉर्न हे काल्पनिक पात्र नाही. जॉन हॅथॉर्न हे सेलमच्या खटल्यांतील न्यायाधीश होते आणि नॅथॅनिएल हॉथॉर्न हे त्यांचे खापरपणतू, म्हणजे त्यांच्यापासून मोजले तर पाचव्या पिढीचे. आडनावात एक अक्षर वाढवून त्यांनी त्याचे रूप बदलले, आणि 'द स्कार्लेट लेटर'च्या प्रस्तावनावजा 'कस्टम हाउस' या प्रकरणात पूर्वजांच्या कृत्यांची लाज त्यांच्या वतीने आपल्या माथी घेतो असे लिहिले. सॅम्युअल सिवॉल या सहन्यायाधीशाने १६९७ मध्ये चर्चमध्ये उभे राहून जाहीर माफी मागितली होती. जॉन हॅथॉर्न यांनी मागितली नाही.

नौपाड्याची वाचक

दोघांचेही आभार. वंशावळीचा संदर्भ मला ठाऊक नव्हता. आता 'कस्टम हाउस' पुन्हा वाचते. खरे सांगायचे तर आमच्यातील निम्म्या लोकांनी ते प्रकरण कंटाळून गाळले होते.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. वकीलसाहेबांनी न्यायालयाचे सांगितले, ऐरोलीकरांनी इतिहासाचे. पापाचे काय? डिम्सडेलला कोणी पकडलेले नाही. तो रात्री स्वतःला चाबकाने मारून घेतो, उपास करतो, व्यासपीठावरून आपण नीच पापी आहोत असे सांगतो, आणि लोक त्यामुळे त्याला अधिकच पवित्र मानतात. प्रॉक्टरलाही बायकोने उघडपणे दोषी ठरवलेले नाही. दुसऱ्या अंकात ती म्हणते, की मी तुमचा न्याय करीत नाही, तुमचा न्यायाधीश तुमच्याच काळजात बसला आहे. म्हणजे इथे दोघे पुरुष जवळ येतात, हेस्टर आणि प्रॉक्टर नव्हे. आमच्या गटाने जोडीच चुकीची लावली की काय, असे आता वाटू लागले आहे.

नेरूळची शिक्षिका

ताई, जोडी चुकीची लागली हे आपणच ओळखले, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि 'द क्रूसिबल'चे मला कौतुक आहे. विशेषतः एलिझाबेथने आयुष्यात एकदाच खोटे बोलावे आणि नेमके त्या खोट्यानेच नवऱ्याचा घात व्हावा, हा तिसऱ्या अंकातील डाव विलक्षण आहे. परंतु स्त्रियांच्या बाबतीत ते नाटक १८५० च्या कादंबरीहून मागे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अकरा वर्षांच्या मुलीला सतराची करून, तिला झिडकारलेली प्रेमिका बनवून मिलर यांनी एका सबंध वसाहतीच्या वेडाचे मूळ एका मोलकरणीच्या वासनेत ठेवले. मालकाने घरच्या नोकर मुलीशी संबंध ठेवला, याचा हिशेब नाटकात त्याच्या अपराधी भावनेपुरता आहे. तिचे काय झाले हे नाटक विचारीत नाही, ती पैसे चोरून पळून गेली एवढे सांगते. प्रॉक्टरचे पाप त्याला भारदस्त करते. हेच पाप हेस्टरला सात वर्षे, आणि नंतर स्वेच्छेने मरेपर्यंत, छातीवर वागवावे लागते.

हॉथॉर्न हेस्टरचे वकील नाहीत. ते तिच्याबद्दल कधी हळवे होतात, कधी उपदेशकाच्या आवाजात बोलतात, आणि अनेकदा त्यांना स्वतःलाच ठरवता येत नाही. परंतु त्यांनी तिला काम दिले, घर दिले, विचार दिले. गावाबाहेर समुद्रकाठच्या झोपडीत राहून ती शिवणावर पोट भरते आणि स्त्रियांच्या स्थितीबद्दल असे काही विचार करते, की ते अधिकाऱ्यांना कळले असते तर लाल अक्षरावर भागले नसते. काही वर्षांनी गावातील लोक त्या 'ए'चा अर्थ 'एबल', म्हणजे कर्तबगार, असा लावू लागतात. निकाल तोच, खूणही तीच. वाचन तेवढे बदलले.

आपल्या मराठी वाचकाला यावर दुसरीकडून प्रकाश पडेल. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये खटला खोटा आहे, खेळातला आहे; तरीही बेणारेबाईंचे आयुष्य त्या खोट्या पिंजऱ्यात खरोखर फाडले जाते. त्या नाटकात प्रोफेसर दामले येत नाहीत. त्यांची जागा मोकळी आहे, त्यांचे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि बेणारेबाईंच्या पोटातील मुलाचा बाप असूनही त्यांच्यावर आरोप नाही. मी वर्गात डिम्सडेल शिकवताना दामल्यांची ती रिकामी जागा सांगते, तेव्हा मुलांना वेगळे काही समजवावे लागत नाही. फरक एवढाच, की डिम्सडेल रिकामा नाही. तो सज्जात उभा आहे आणि तिला नाव विचारतो आहे. त्याचे ते आर्जव नीट वाचा. तो म्हणतो, की त्या माणसावर दया करून गप्प राहू नकोस. त्या माणसाला जे धैर्य नाही ते त्याच्या वतीने तू दाखव. स्वतःच्या कबुलीचे कामही त्याने तिच्यावरच सोपवले आहे. ती नाही म्हणते, तेव्हा तो छातीवर हात ठेवून तिच्या औदार्याचे कौतुक करतो. मला तो क्षण प्रॉक्टरच्या कोणत्याही ओळीपेक्षा भयंकर वाटतो.

ऐरोलीकर

शिक्षिकाबाईंच्या ॲबिगेलविषयीच्या मुद्द्याशी सहमत. मात्र नाटकात ॲबिगेलच्या मागे जमीनदार पुटनम आहे, धर्मगुरू पॅरिस आहे, जमिनीचे वाद आहेत; सगळा दोष तिच्या एकटीच्या माथी नाही, एवढी नोंद असावी.

कोपरीच्या माई

मीच ती न बोललेली माई. नातीने हे टंकून दिले आहे, चुका असल्या तर तिच्या.

रविवारी बोलले नाही, कारण माझे पुस्तक पूर्ण व्हायचे होते. माझे इंग्रजी बेताचे. रोज दुपारी चार पाने, शेजारी शब्दकोश. पण आमच्या पिढीच्या बायकांना हेस्टरचे न बोलणे समजायला शब्दकोश लागत नाही. नवऱ्याचे नाव आम्ही एरवी घेत नव्हतो, घ्यायचे ते उखाण्यात. रेशन कार्डाच्या रांगेत कारकुनाने नाव विचारले, तर मुलाला पुढे करायचे किंवा शेजारणीकडे बघायचे. त्यामुळे ती चौथऱ्यावर नाव सांगत नाही, हे वाचून सुरुवातीला मला विशेष काही वाटलेच नाही.

मग हळूहळू ध्यानात आले. ज्याचे नाव ती घेत नाही तो तिचा नवरा नाही. नवरा त्याच दिवशी गर्दीत येऊन उभा आहे, आणि तो तुरुंगात भेटायला येऊन तिच्याकडून वचन घेतो, की माझे खरे नाव कोणाला कळू द्यायचे नाही. पुढे तो चिलिंगवर्थ या नावाने वैद्य म्हणून त्याच गावात, त्या धर्मगुरूच्याच घरात राहतो. म्हणजे ही बाई एक नाही, दोन नावे पोटात ठेवून सात वर्षे जगते, आणि त्या दोन पुरुषांना एका छपराखाली राहताना बघते. तो प्रॉक्टर आपले नाव राखतो, त्याचे मोठेपण मला मान्य आहे, तिथे माझ्याही डोळ्यांत पाणी आले. हेस्टर जी दोन नावे राखते त्यांतले एकही तिचे नाही. काकांना माझे एवढेच सांगणे.

दुसरे, शिवणाचे. मी कोपरीत चाळीस वर्षे ब्लाउज शिवले, भरतकामही केले, म्हणून ते भाग मी दोनदोनदा वाचले. हेस्टर ते अक्षर सोनेरी धाग्याने भरते, इतके सुंदर, की गावातल्या बायकांना राग येतो. तुरुंगाच्या दाराशी उभी असलेली एक म्हणते, की कपाळावर तापलेल्या लोखंडाचा डाग द्यायला हवा होता. दुसरी म्हणते, की संधिवातासाठी गुंडाळते ते माझे फलाणीचे चिंधूक देते, ते लावा तिला. त्यांच्यात एकच तरुण आई हळू आवाजात बोलते, की अगं ऐकेल ती. त्या अक्षरातला एकेक टाका तिच्या काळजात घातला गेला आहे.

पुढे तीच बाई सगळ्या गावाचे शिवते. गव्हर्नरच्या गळपट्ट्यापासून बाळाच्या टोपड्यापर्यंत आणि मृताच्या वस्त्रापर्यंत. फक्त नवरीच्या तोंडावरचा पडदा तिच्याकडून कोणी भरून घेत नाही. सात वर्षांनी शेवटच्या दिवशी ती पुन्हा त्याच चौथऱ्यापाशी उभी असते, आणि गर्दीत तिला त्या दिवशीच्या त्याच बायका दिसतात. फक्त एक नसते, ती हळू बोललेली. तिचे कफन हेस्टरनेच शिवलेले असते. लेखकाने हे एका ओळीत सांगून टाकले आहे आणि तो पुढे गेला आहे.

आमच्या कामात अंगाचे माप घेताना बाई समोर उभी असते, बोलत असते. हेस्टरला त्या हळू बोललेल्या मुलीचे माप कोणी दिले असेल, की ती स्वतः त्यांच्या घरी गेली असेल आणि तिला आत घेतले असेल, हे मला रविवारी विचारायचे आहे.